धातूंची साक्ष

माणसाच्या साक्षीपेक्षा वस्तूची साक्ष अधिक भरवशाची, असे आपण मनातून मानत आलो आहोत. माणूस विसरतो, घाबरतो, नात्यापोटी खोटेही बोलतो. वस्तूला यातले काही करता येत नाही. कालिदासाच्या दुष्यंताने भर दरबारात शकुंतलेचे बोलणे मानले नाही. कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेली अंगठी पुढे आली, तेव्हा मात्र त्याला सारे काही आठवले. धातूने स्मृती परत आणल्याची आपल्याकडची ही सर्वांत प्रसिद्ध कथा. ती वर्गात शिकवताना दर वेळी मनात येते, की अंगठी सापडलीच नसती तर शकुंतलेचे म्हणणे खोटे ठरले असते काय?

हा प्रश्न आज वेगळ्याच ठिकाणी पुन्हा उभा राहिला आहे. म्हातारपणी स्मृती गिळून टाकणाऱ्या अल्झायमरच्या विकाराची खूण रक्तातील लोह आणि तांबे या दोन धातूंत सापडेल का, याचा शोध गेली कित्येक वर्षे जगभर चालू आहे. शोध शास्त्रज्ञांचा आहे. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे आणि तो तुमच्याआमच्या घरचा आहे. विसरू लागलेल्या माणसाविषयी साक्ष कोणाची धरायची? त्याच्या रक्ताची, की त्याची स्वतःची आणि त्याच्यासोबत राहणाऱ्यांची?

प्राणहितेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा मंडळींना या प्रश्नाला आणखी एक धार आहे. आमचे बेज्जूर निजामाच्या राज्यात होते, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेले, २०१४ साली तेलंगणात आले आणि २०१६ पासून जुना आदिलाबाद जिल्हा फुटून आसिफाबादकडे लागले. सरकारे बदलली, घरातली मराठी तशीच राहिली. बाजारात तेलुगू, देवघरात मराठी, रानात गोंडी हा आमचा नित्याचा व्यवहार. आता अशा घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजीला मुलगा मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेतो. तपासणारा तरुण डॉक्टर तेलुगूत विचारतो, आज तारीख काय? आजी म्हणते, कार्तिक वद्य पंचमी. ती तिथी अगदी बरोबर असते. पण डॉक्टरच्या कागदावर तारखेची जागा असते, तिथीची नसते. पुढे शंभरातून सात सात वजा करायला सांगतात, दोन पंचकोन काढायला सांगतात. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिने पंचकोन कसा काढावा? गुण कमी पडतात, आणि मुलगा घरी येऊन सांगतो, आईचे डोके गेले. हा मजकूर कल्पनेतला नाही. असे दोन-तीन प्रसंग माझ्या माहितीतल्या घरांत घडले आहेत.

दोष एकट्या डॉक्टरचा नव्हे. या चाचण्या जिथे तयार झाल्या, तिथे सगळे शिकलेले आणि सगळे एका भाषेचे. आपल्याकडे हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांना ही अडचण ओळखून १९९० च्या दशकात निरक्षर माणसांना विचारता येतील असे प्रश्न हिंदीत नव्याने बांधावे लागले होते. सीमेवरच्या माणसाची अडचण त्याहून एक पायरी पुढची. त्याला कोणत्या भाषेत विचारावे, हेच आधी ठरत नाही.

अशा वेळी रक्ताची तपासणी न्यायाची वाटते, यात नवल नाही. रक्ताला तेलुगू येत नाही आणि मराठीही येत नाही. ते निरक्षर नाही आणि पदवीधरही नाही. सुई टोचली, नळी भरली, आकडा आला. मला या विचाराचे आकर्षण समजते. म्हणूनच धातूंची ही साक्ष किती खरी, हे जरा बारकाईने पाहू.

शरीरात लोह सारे मिळून तीन-चार ग्रॅम. त्यातले बरेचसे रक्ताच्या लाल रंगात अडकलेले. तांबे तर त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, ग्रॅमचा दहावा भाग असेल नसेल. पण दोन्ही धातू जितके आवश्यक तितकेच मोकळे सुटले तर घातक, म्हणून शरीर त्यांना कधी एकटे फिरू देत नाही. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन लोहाची वाहतूक करते, फेरिटिन त्याला कोठारात ठेवते. तांब्याचा सांभाळ मुख्यतः सेरुलोप्लाझ्मिन करते. हे प्रथिन निळे दिसते आणि त्याच्या एकेका रेणूत तांब्याचे सहा अणू बसवलेले असतात. गंमत पुढेच आहे. पेशीतून बाहेर आलेले लोह ज्या रूपात असते, त्या रूपात ट्रान्सफेरिन त्याला वाहनात घेत नाही. ते रूप बदलून देण्याचे काम तांबे बाळगणारे हे निळे प्रथिन करते. आमच्या आजोबांच्या पिढीला हे चटकन कळले असते. निजामाचा हाली रुपया घेऊन पलीकडे चांद्याच्या मुलुखात जायचे तर तो आधी कलदारात बदलून घ्यावा लागे. सात हालींचे सहा कलदार. मोड करून देणारा सराफ दुकान बंद करून बसला, की खिशात पैसा असून माणूस उपाशी. तांब्याचा कारभार बिघडला की लोहाचाही बिघडतो, तो असा. म्हणून संशोधक ही दोन नावे जोडीने घेतात.

अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूत लोह साठल्याची नोंद १९५३ सालापासून आहे. मोकळे लोह आणि मोकळे तांबे पेशींना गंज चढवावा तशी इजा करतात, हेही प्रयोगांत दिसते. तेव्हा रक्तात त्याचा मागमूस लागावा, ही अपेक्षा वावगी नव्हती. रोममधील रोझॅना स्क्विट्टी या विदुषींनी सेरुलोप्लाझ्मिनला न चिकटलेल्या तांब्यावर वर्षानुवर्षे काम केले. जगभरच्या अनेक अभ्यासांची बेरीज केली, तर रोग्यांच्या रक्तात तांबे सरासरीने थोडे अधिक आढळते. लोहाबाबत मात्र एकवाक्यता नाही. कोठे ते कमी भरते, कोठे फरकच दिसत नाही. आणि ज्या तांब्याचे रक्तातले प्रमाण वाढते, तेच रोग्याच्या मेंदूत कमी झालेले सापडते. वाड्याच्या दारात गर्दी आणि आत घर रिकामे, असा हा प्रकार.

येथे ‘सरासरी’ या शब्दापाशी थांबायला हवे. गणिताचा शिक्षक वर्गाची सरासरी ५२ सांगतो, तेव्हा त्यावरून शेवटच्या बाकावरच्या मुलाचे गुण कळत नाहीत. रोग्यांचा आणि निरोग्यांचा असे दोन वर्ग घेतले, तर त्यांच्या रक्तातल्या धातूंचे आकडे इतके एकमेकांत मिसळलेले असतात, की एक आकडा हाती घेऊन तो कोणत्या वर्गातला, हे सांगता येत नाही. शंभर माणसांविषयी खरे असलेले विधान एका माणसाविषयी खरे असेलच असे नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात ते हेच. पण छापील अहवाल समोर आला की भले भले ते विसरतात.

शिवाय रक्ताला भाषा नसली तरी गाव असते! फेरिटिन लोहाच्या साठ्यामुळे वाढते, तसे तापामुळेही वाढते, अंगात कोठे सूज असली तरी वाढते. सेरुलोप्लाझ्मिनही जुन्या दुखण्यात चढते, गर्भारपणात तर खूपच. आमच्याकडे हिवताप आहे, सिकलसेल आहे, त्यासाठी वारंवार रक्त चढवलेली माणसे आहेत. २०१९ ते २१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी भरले. असल्या मुलखातल्या म्हातारीच्या नळीतले लोह आणि तांबे तिच्या स्मृतीविषयी बोलते, की तिने आयुष्यभर काय खाल्ले, किती बाळंतपणे काढली, कोणते ताप सोसले याविषयी बोलते?

उपचाराची गोष्ट याहून बोलकी आहे. तांबे वाढते म्हणावे, तर जर्मनीत २००८ साली ६८ रोग्यांवर प्रयोग झाला. काहींना वर्षभर रोज आठ मिलिग्रॅम तांबे पोटात दिले, पण बुद्धीच्या चाचण्यांत त्यांचे बरे झाले नाही आणि वाईटही नाही. लोह काढून टाकावे म्हटले, तर त्यासाठी डेफेरिप्रोन नावाचे औषध आहे. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात साचलेले लोह ते काढते. आपल्याकडे मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९० च्या दशकातच ते बाजारात आणले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते अल्झायमरच्या रोग्यांना देऊन पाहिले. ८१ माणसे, एक वर्ष. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेंदूच्या स्मृती सांभाळणाऱ्या भागातले लोह खरोखर कमी झाले. आणि औषध घेणाऱ्यांची बुद्धी, न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने ढासळली. साक्षीदाराला गुन्हेगार समजून शिक्षा दिली, तर असे होते.

आता कोणी म्हणेल, पुण्यात तांबेच गुन्हेगार ठरले होते ना? खरे आहे, आणि ती हकीकत प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावी अशी आहे. एके काळी आपल्याकडे तान्ह्या मुलांचे लिव्हर दगडासारखे कडक होऊन ती दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी, इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह, त्या मुलांच्या दुधाचा माग काढला. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधात तांबे उतरत होते. १९८३ साली हे जगापुढे आले. भांडी बदलली, घरोघर स्टील आले आणि तो आजार दिसेनासा झाला. एक कारण, एक भांडे, एक उपाय. अशी सरळ उत्तरे वैद्यकात फार क्वचित मिळतात.

मात्र त्या यशाची एक सावली पडते. कारण भांड्यात सापडले, की ते भांडे कोणी ठेवले याची चौकशी सुरू होते, आणि आपल्या घरांत ती चौकशी नेहमी सुनेपाशी येऊन थांबते. वडिलांना आठवेनासे झाले, तर तांब्याच्या हंड्यातले पाणी काढा, लोखंडी कढई फेका, असे सांगणारे आज पुष्कळ भेटतात. अल्झायमर हंड्याने होतो, असे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही. तरी घराला कारण हवे असते, कारण कारणाबरोबर दोषी माणूस मिळतो.

आपल्या भाषेनेही यात भर घातली आहे. या विकाराला आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तेथे विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, काम, क्रोध, संमोह आणि मग स्मृतीचा भ्रंश, अशी उतरंड सांगितली आहे. म्हणजे तो संयम सुटल्याचा परिणाम आहे. गीतेला अभिप्रेत असलेली स्मृती वेगळी, मेंदूच्या पेशी झिजून जाणारी स्मृती वेगळी. पण शब्द एकच राहिला, आणि त्यातला दोषाचा वास म्हाताऱ्या माणसाला उगाच चिकटला. मी तरी घरात बोलताना ‘विसराळूपणाचा आजार’ म्हणणे पसंत करतो. शब्द बाळबोध आहे, पण निर्दोष आहे.

मग रक्त तपासूच नये काय? तसे मुळीच नाही. विसरू लागलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड पाहिलेच पाहिजे. कारण यांच्या उणिवेने आलेला विसर औषधाने पुष्कळदा परततो. कमी ऐकू येणे आणि मनाची उदासी हीही विसराचे सोंग घेतात. अल्झायमरसाठीही रक्ताची एक चाचणी आता खरोखर आली आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. ती धातूंची नव्हे, मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या अंशांची आहे, आणि तीही ज्यांच्यात लक्षणे दिसू लागली त्यांच्यासाठी, तज्ज्ञाच्या हाती. आज ना उद्या ती आपल्याकडच्या तालुक्यापर्यंत पोहोचेल. म्हणून खरा पेच धातूंच्या कच्च्या साक्षीचा नसून पुढच्या पक्क्या साक्षीचा आहे. आकडा खरा निघाला, तर तो कोणाच्या मालकीचा?

या बाबतीत आमच्या जिल्ह्याला अनुभव आहे. सिकलसेलची तपासणी ही रक्ताची अत्यंत निःसंदिग्ध साक्ष. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे आधी कळणे उपकारक आहे. परंतु वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे कितीही वेळा सांगितले तरी, कार्ड हाती असलेल्या धडधाकट मुलीचे स्थळ मोडते, मुलाचे सहसा मोडत नाही. विज्ञानाने खरे सांगितले आणि समाजाने ते खोट्यासारखे वापरले. इतक्या स्पष्ट साक्षीची ही गत. मग ‘पुढे दहा वर्षांनी विसर पडू शकेल’ अशा साक्षीचे आपण काय करू?

काय करू, ते मी सांगतो. अहवाल प्रथम मुलगा वाचील. डॉक्टरला बाजूला घेऊन म्हणेल, बाबांना सांगू नका. हे प्रेमाने होईल, त्यात शंका नाही. मग पट्टादार पासबुक कोणाच्या नावे आहे, याची आठवण कोणाला तरी होईल. अंगठा घेण्याची घाई आणि काळजीची भाषा एकत्र चालू लागतील. ज्याचे रक्त, तो माणूस अंगणात बाजेवर बसलेला असेल, आणि आपल्याविषयी काय ठरले हे त्याला शेवटी कळेल, किंवा कळणारच नाही.

कायदा येथे घरापेक्षा पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्मृतीचा गंभीर बिघाडही आपल्या कक्षेत घेतला आहे आणि प्रत्येक माणूस आपल्या उपचाराविषयी ठरवू शकतो, हे गृहीत धरले आहे. ठरवू शकत नाही, हे दाखवण्याचा भार दुसऱ्यावर. शुद्धीत असताना पुढच्या उपचाराविषयी इच्छा लिहून ठेवण्याची, आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय त्यात आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. या तरतुदी ज्यांच्यासाठी आहेत, त्यांना त्या वेळेवर कळणे मात्र घरच्यांच्याच हाती आहे. म्हणून माझे मत असे, की लक्षणे नसताना केवळ कुतूहलापोटी म्हाताऱ्याचे रक्त या कामासाठी काढू नये. लक्षणे असतील तर त्याला विचारून काढावे. आणि निकाल आधी त्याला, त्याच्या भाषेत सांगावा. नको सांगू म्हणण्याचा हक्कही त्याचाच, मुलाचा नव्हे. डॉक्टरांपैकी काहींना हे अव्यवहार्य वाटेल. त्यांचा व्यवहार दहा मिनिटांचा असतो, घरच्यांचा दहा वर्षांचा.

भाषेचा उल्लेख आला, म्हणून एक शोध सांगितलाच पाहिजे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसराच्या ६४८ रोग्यांचा अभ्यास करून २०१३ साली दाखवले, की एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. आणि हा फरक निरक्षरांतही होता. ज्या दुभाषीपणाबद्दल आम्हाला इकडे ‘मराठोळ्ळु’ आणि तिकडे ‘तेलंगी’ म्हणून हिणवले गेले, तोच कामी आला म्हणायचा! अर्थात हीही सरासरीच. आवडली म्हणून एका माणसाला लावायची नाही. धातूंना लावलेला नियम भाषेलाही.

फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ साली आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली, तेव्हा डॉ. आलॉइस अल्झायमर यांच्यापाशी रक्ताची कोणतीच चाचणी नव्हती. ते तिच्यासमोर बसत, प्रश्न विचारीत आणि तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून घेत. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली त्यांनी तिच्या मेंदूचे वर्णन जगापुढे मांडले. पण प्रश्नोत्तरांची ती फाईल १९९५ साली जुन्या कागदांत पुन्हा सापडली, आणि आजचे डॉक्टर ती वाचून निदान पडताळू शकले. आजही निदानाचा गाभा हाच आहे. गेल्या वर्षी हा माणूस काय करू शकत होता आणि आता काय करू शकत नाही, हे जवळच्या कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा कोणी नसेल, तर नळीतला आकडा एकटा पडतो.

सीमेवर ही साक्ष देणारे कमी होत आहेत, ही मला खरी चिंता वाटते. या विकारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते आणि आईची भाषा शेवटपर्यंत टिकते. जन्मभर बाजारात तेलुगू बोललेला म्हातारा एक दिवस केवळ मराठीत बोलू लागतो. आणि इंग्रजी किंवा तेलुगू शाळेत शिकणाऱ्या नातवाला वाटते, आजोबा काहीतरी बरळतात. बरळणे कोणते आणि बोलणे कोणते, हे ओळखायला भाषा यावी लागते.

गेली काही वर्षे दसऱ्याच्या सुट्टीत नववीच्या मुलांना मी एक गृहपाठ देतो. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसायचे आणि त्याच्याच भाषेत विचारायचे: पुरणाचा क्रम काय, आपल्या शेताला जाणारी जुनी वाट कोणती, तुमच्या आईच्या माहेरची माणसे कोण. उत्तरे तारीख घालून वहीत उतरवायची. पुढच्या दसऱ्याला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. यंदा एका मुलाची वही पाहिली. आजीचे सारे मराठी बोलणे त्याने तेलुगू लिपीत लिहून आणले होते, आणि शेवटी एक ओळ: वाटेतल्या चिंचेचे झाड आजीने गेल्या वर्षी सांगितले होते, या वर्षी सांगितले नाही. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतले.